गावरानीचं सूत

परभणी जिल्ह्यात कापूस कुणाला ओळखून दाखवावा लागत नाही. दिवाळीनंतर सेलू-मानवतच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दाराशी रांग लावून उभ्या असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके लटकलेले दिसतात. पण त्याच रस्त्यावर "हाताने सूत कातायचंय, पेळू कुठे मिळतील?" असं विचारून बघा. पेळू हा शब्दच समोरच्याच्या कानावरून गेलेला नसतो. (पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी, हलक्या हाताने वळलेली वळकटी. चरख्याला कापूस भरवायचा तो या रूपात.) आणि "गावरानी कापूस आहे का?" म्हटलं तर एखादे आजोबा हसून सांगतात, "तो गेला की आता."

मी शनिवार-रविवारी पेटी चरखा घेऊन बसतो. आठवडाभर ऑफिसात थ्रेड सोडवायचे आणि सुट्टीत पुन्हा धागेच सोडवायचे, ही मित्रांची कोटी आता पार जुनी झाली. पण छंद म्हटला की सामान शोधणं आलं, आणि सामान शोधता शोधता एक प्रश्न मागे लागला. आपल्या पणज्या जो कापूस कातत होत्या, तो कापसाच्याच जिल्ह्यात मिळेनासा का झाला? गिरण्या आल्या आणि चरखे बंद पडले, हे शाळेतलं उत्तर अर्धंच आहे. उरलेली अर्धी गोष्ट बियाण्याची आहे, आणि तिचा बराचसा भाग परभणीतच घडला.

आधी थोडं तंत्र. कापसाचा एक तंतू जेमतेम इंचभर लांब असतो, तरी त्यातून मैलभर धागा निघतो. गोंद नाही, गाठ नाही. असतो तो फक्त पीळ. पीळ दिला की तंतू एकमेकांना आवळून धरतात आणि ओढलं तरी सरकत नाहीत. तंतू लांब असेल तर पकड जास्त लांबीवर मिळते, म्हणून कमी पिळात भागतं. आखूड असेल तर पीळ जास्त द्यावा लागतो. हाताने कातताना हे गणित बोटं करतात. डावा हात मागे नेताना कुठे पातळ पडतंय, कुठे गुठळी येतेय ते कळतं, आणि आपण ओढ कमीजास्त करतो. यंत्राला हे लाड जमत नाहीत. त्याला सगळे तंतू सारखे, लांब आणि मजबूत लागतात, कारण त्याचा वेग एका तंतूसाठी थांबत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

ज्याला या भागात गावरानी म्हणत, तो देशी कापूस. शास्त्रीय नाव गॉसिपियम अर्बोरियम. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काळ्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर येणारा. बोंड लहान, तंतू आजच्या मानाने आखूड. पण देशी कापसांत गावरानीचा दर्जा वरचा मानला जाई. परभणी-नांदेडचा हा पट्टा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे बाजारात 'हैदराबाद गावरानी' अशी त्याची ओळख होती. आखूड तंतू म्हणजे जाडंभरडं सूत, असं मात्र हाताच्या बाबतीत खरं नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल ज्या फुटी कापसापासून होत असे, तोही अर्बोरियमच, आणि त्याचाही तंतू आखूडच होता.

घरच्या घरी कापसाचं कापड व्हायचं तर किती हात लागत ते बघा. लाकडी पाटावर सळई फिरवून किंवा हातचरकीवर सरकी वेगळी करायची. मग पिंजारी धनुष्याच्या तातीने रुई पिंजून देणार. मग पेळू, मग कातणं, बहुतेक घरातल्या बायकांचं. मग खळ लावणं, ताणा मांडणं आणि शेवटी माग.

कातणं हाच यातला सगळ्यात मोठा अडसर. एक हिशोब केला. सेंटीमीटरला १६ उभे आणि १६ आडवे धागे असलेलं अगदी साधं कापड घ्या. ८ मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद नऊवारीला धागा लागतो साधारण साडेएकोणतीस किलोमीटर. म्हणजे परभणी स्टेशनवर एक टोक बांधून निघालात तर जवळजवळ पूर्णा जंक्शन येतं! तासाला अडीचशे मीटरच्या वेगाने कातलं तर हे सुमारे १२० तासांचं काम, रोज आठ तास बसून पंधरा दिवस. एका लुगड्याचं. त्यामुळे एक माग चालायला अनेक घरांतले चरखे लागत, आणि कातणाऱ्या हाताला मिळणारा मोबदला नेहमीच सगळ्यात कमी असे. "पूर्वी किती छान सगळं घरी व्हायचं" असं म्हणताना हे १२० तास कुणाचे होते, ते विसरता कामा नये.

मग बाहेरून दोन धक्के बसले. पहिला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या बाजारात भाव भडकले आणि वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा या सगळ्या मुलखातला कापूस बंदराकडे निघाला. व्यापाऱ्यांच्या भाषेत या कापसाला 'ऊमरा' असं नाव होतं, अमरावतीवरून आलेलं. दुसरा धक्का रेल्वेचा. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि तो परभणीतून गेला. रेल्वे आली की जिनिंग-प्रेसिंग आलं. कापूस इथेच सरकीपासून सोडवायचा, दाबून गाठी बांधायच्या आणि डब्यात टाकायचा. त्याच डब्यांतून उलट दिशेने गिरणीचं सूत आणि कापड आलं. पुढे निजामाच्या काळात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली.

गाठ बांधणं वरवर साधं काम वाटतं. पण हाताने कातणाऱ्याच्या दृष्टीने तिथेच बरंच काही बिघडतं. दाबाखाली तंतू एकमेकांत घट्ट बसतात. मग ते मोकळे करायला गिरणीतली जबरदस्त यंत्रं लागतात, पिंजाऱ्याची तात पुरत नाही. कापूस एकदा गाठीत गेला की तो गिरणीचाच झाला. मलखा कापडाची चळवळ उभी करणाऱ्या हैदराबादच्या उझरम्मा यांनी हाच मुद्दा लावून धरला आणि गाठ न बांधलेल्या कापसापासून सूत करण्याचे प्रयोग केले.

इथवर कातणं हे काम होतं. पोटासाठी, घरासाठी. शहरातल्या शिकलेल्या माणसाने पोटाची गरज नसताना रोज थोडा वेळ कातावं, ही कल्पना मात्र गांधीजींची. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकमेव अधिवेशन. तिथे सदस्यत्वासाठी महिन्याला २,००० यार्ड सूत द्यायची अट मान्य झाली. अडीचशे मीटरच्या वेगाने ते रोजचं पंधरा मिनिटांचं काम. वकील, कारकून, मास्तर अशी मंडळी टकळ्या घेऊन बसली. पण नियमात फट होतीच. दुसऱ्याने कातलेलं सूत दिलं तरी चालत असे. लोकांनी अर्थातच विकत आणलं, आणि वर्षभरात अट सैल झाली. १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि कातण्याची वेगळी व्यवस्था लागली.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात भारी वाटतं ते चरखा संघाचं १९२९ चं बक्षीस. सुधारित चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये! अटी वाचताना एखादं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचतोय असंच वाटतं. यंत्र हलकं, साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारं हवं. बाईला फार श्रम न होता आठ तास चालवता यावं. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत. दुरुस्ती करत वीस वर्षं टिकावं. १६,००० फूट म्हणजे तासाला सहाशे मीटरच्या वर. माझ्या हिशोबातल्या वेगाच्या जवळजवळ अडीचपट. किर्लोस्करवाडीतही यासाठी यंत्र तयार झालं. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. स्वस्त, वेगवान आणि खेड्यात दुरुस्त होणारं, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी जमतात, हे आपल्याला आजही माहीत आहे. :-)

त्या बक्षिसातून नाही, पण येरवड्याच्या तुरुंगातून एक चांगली गोष्ट बाहेर आली. १९३० मध्ये तिथे असताना गांधीजींनी घडी घालून पेटीत मावणाऱ्या चरख्यावर बरंच काम केलं आणि त्याला 'येरवडा चक्र' असं नाव पडलं. दोन चाकांमुळे लहान जागेत चातीला मोठा वेग मिळतो. आज छंद म्हणून कातणारे, इथले काय आणि परदेशातले काय, जो पुस्तकाएवढा पेटी चरखा वापरतात, तो याच घराण्यातला.

त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा उलटा प्रयोग करत होते. तासन्‌तास कातायचं आणि कातणाऱ्या बाईला मिळते तेवढ्याच मजुरीत जगता येतं का ते पाहायचं. येत नव्हतं. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचा निर्णय घेतला. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. आपण रविवारी दोन तास कातून प्रसन्न होतो, कारण त्या सुतावर आपलं जेवण अवलंबून नाही. ज्याचं अवलंबून आहे त्याच्यासाठी तेच काम वेगळं असतं. छंदाचा आनंद खोटा नाही, पण तो कशामुळे परवडतो हे माहीत असावं.

आता बियाण्याकडे येऊ. १९१८ मध्ये हैदराबाद सरकारने परभणीला मुख्य प्रायोगिक शेती केंद्र सुरू केलं. महबूब बाग हे इथल्या कापूस संशोधनाचं ठिकाण. गावरानीच्या पट्ट्यात बाहेरचा कापूस मिसळून भेसळ होऊ नये म्हणून निजाम सरकारने लागवड आणि वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदाही केला होता. म्हणजे एकेकाळी हा कापूस राखण्यासाठी कायदा होता. पुढे १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आलं आणि १८ मे १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे.

पण वारं बदललं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी होता. फाळणीत लांब धाग्याचा कापूस पिकवणारा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला आणि गिरण्यांना लांब धाग्याची टंचाई भासू लागली. उत्तर सापडलं अमेरिकन कापसात, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटममध्ये. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला हा जगातला पहिला संकर. नंतर नांदेडच्या संशोधन केंद्रातून आलेला एनएचएच-४४ मराठवाड्यात घराघरात पोचला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत शिवारातलं देशी वाण जवळजवळ दिसेनासं झालं.

यात कुणाचं कटकारस्थान शोधायला नको. संकरित कापसाचं बोंड मोठं, वेचायला सोपं, उतारा जास्त, आणि लांब धाग्याला भाव मिळतो. शेतकऱ्याने योग्य तोच हिशोब केला. पण त्याची किंमतही होती. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. देशी सरळ वाणाचं बी घरचं ठेवता येतं. देशी झाड पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी जास्त सोसतं. आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटी कापसाची जी दैना केली, त्यानंतर तर "सगळी अंडी एकाच टोपलीत का?" हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी आला.

आणि इथेच परभणीच्या लोकांनी एक वेगळी वाट धरून ठेवली होती. देशी झाड तसंच ठेवायचं, फक्त त्याचा तंतू लांब करायचा. बोलायला सोपं, करायला महाकठीण. देशी कापसात २६ गुणसूत्रं आणि अमेरिकनमध्ये ५२, त्यामुळे दोघांचा सरळ संकर बहुधा वांझ निघतो. वर्षानुवर्षं निवड करत जावं लागतं. या कामातून 'पीए' मालिकेची वाणं आली. पीए म्हणजे परभणी अर्बोरियम. पीए २५५, पीए ४०२, पीए ०८ ही आधीची. अलीकडच्या पीए ७४०, पीए ८१०, पीए ८१२, पीए ८३७ या वाणांचा तंतू २८ ते ३१ मिलिमीटर आहे. आपल्याकडे साडेसत्तावीस मिलिमीटरच्या पुढचा कापूस 'लांब धाग्याचा' गणला जातो. म्हणजे देशी झाडाने अमेरिकन कापसाची पट्टी ओलांडली. नागपूरला या कापसाच्या सूतकताईच्या चाचण्याही झाल्या आणि त्यात तो उतरला.

एक प्रश्न मला सोडत नाही. देशी कापूस वाचला, पण यंत्राला हवा तसा होऊन वाचला. मग तो गावरानीच राहिला का? मी याकडे असं बघतो. बियाणं कपाटात जपता येतं, पण शिवारात टिकायचं तर त्याला गिऱ्हाईक लागतं. पूर्वी गावरानीचं गिऱ्हाईक गावातला हात होता. तो हात गेल्यावर आखूड तंतूला वालीच राहिला नाही. परभणीच्या संशोधकांनी त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळण्याची सोय केली. आता अडचण शेतातून बाजारापर्यंतच्या साखळीची आहे. पुरेसं बियाणं, वेगळं जिनिंग आणि 'हा देशी आहे' म्हणून वेगळा मिळणारा भाव.

रंगाच्या बाबतीत परभणीकर नशीबवान आहेत, कारण रंगाचं झाड अजून शेतात उभं आहे. ते म्हणजे करडई. आपण तिला तेलासाठी ओळखतो, पण जुन्या काळी तिची पाकळी हा मोठा रंग होता; कुसुंबी म्हणतात तो हाच. विद्यापीठाच्या करडईच्या एका वाणाचं नावही 'परभणी कुसुम' आहे. फूल कोमेजायला लागलं की पाकळ्या वेचायच्या, म्हणजे बी आणि तेल शाबूत राहतं. पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सुटतो, तो धुऊन काढून टाकायचा. लाल पाण्यात सुटत नाही. उरलेला चोथा पापडखार घातलेल्या पाण्यात मळला की तो उतरतो. मग त्यात लिंबू पिळायचं. खार मोडतो आणि लाल रंग पाण्यातून सुटून सुतावर बसतो. बहुतेक झाडपाल्याचे रंग सुताला धरत नाहीत, त्यांना आधी हिरडा आणि तुरटी द्यावी लागते. करडईला ते काही लागत नाही. फक्त हा रंग उन्हाला आणि साबणाला टिकत नाही. पक्क्या लालसाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या वापरत. १८६८ मध्ये जर्मनीत ॲलिझरिन प्रयोगशाळेत तयार झालं आणि हळूहळू आलीची शेतीच संपली. गावरानीला मिळाली तशी दुसरी संधी आलीला मिळाली नाही.

विणण्याचं थोडक्यात सांगतो. मराठीत मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात आणि खाटही विणतात, सगळ्याला एकच क्रियापद. तंत्र मात्र वेगळं. हातसुताचा एकेरी धागा सुयांवर घेतला तर पिळामुळे विणलेलं एका बाजूला तिरकं जातं. दोन धागे उलट्या पिळाने एकत्र वळले की ते सरळ होतं. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, म्हणून सुरुवात रुमालापासून किंवा क्रोशाच्या तोरणापासून बरी. मागावर जायचं असेल तर ताण्याला गिरणीचं सूत आणि बाण्याला हातसूत ही तडजोड नवशिक्याला पुष्कळ सोपी पडते.

सुरुवात करायची असेल तर महागड्या चरख्याच्या मागे लागू नका. टकळी पुरते. कापूस गाठीतला घेऊ नका. वेचणीच्या दिवसांत ओळखीच्या शेतकऱ्याकडून सरकीसकट दोन किलो घ्या आणि सरकी स्वतः काढा. बीटीचा कापूसही हाताने छान कातला जातो, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. पण घेताना वाण विचारा. पीए मालिकेतलं देशी कुणी लावलं असेल तर थोडा जास्त भाव देऊन तो घ्या, आणि दोन्हींचं सूत शेजारी शेजारी ठेवून बघा.

आपल्या दोन किलोंनी कुठल्याही शेतकऱ्याचं कर्ज फिटणार नाही, हे उघड आहे. बाजारात मात्र कापूस आज लांबी आणि ओलावा या आकड्यांनी ओळखला जातो, वाणाच्या नावाने नाही. नाव घेऊन कापूस मागणारी माणसं गेली आणि त्यांच्या मागोमाग गावरानी गेला. नाव घेऊन मागणं निदान आपल्या हातात आहे. आणि ते काम रविवारीही करता येतं.